मलावीचं पाणी, घरातला टँक

सोलापूर रस्त्यावर भिगवणला गाडी थांबवून उजनीची मासळी खाणाऱ्यांच्या ताटात बऱ्याचदा चिलापी येते. काळपट अंगाची, पाठीवर काट्यांची रांग असलेली ही मासळी भीमेच्या पाण्यात इतकी रुळली आहे, की ती मूळची इथली नाही हे सांगूनही खरं वाटत नाही. तिलापिया हे तिचं सगळीकडे चालणारं नाव आणि आफ्रिका हे तिचं माहेर. मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ साली आणली गेली आणि पुढे तळ्यांतून, धरणांतून पसरत गेली. मासे पाळणाऱ्यांच्या हिशेबात ही चिलापी म्हणजे सिक्लिड कुळातली मासळी. तिचेच दूरचे भाऊबंद मुंबईत कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांत काचेमागे पिवळेजर्द, निळेशार, जांभळट रंग मिरवत फिरत असतात. दुकानदार त्यांना नुसतं ‘आफ्रिकन’ म्हणतो.

हे रंग पाहून माणूस थबकतोच. गोड्या पाण्यातल्या माशांत एवढी झळाळी क्वचितच दिसते. मग सहा रंगांचे सहा मासे पिशवीत येतात, घरच्या दोन फुटी टँकमध्ये एंजल आणि गोल्डफिशच्या सोबतीला सोडले जातात. दुसऱ्या दिवशी पाणवनस्पती उपटलेल्या असतात, आठवड्याभरात एंजलचे पर फाटतात आणि महिना-दोन महिन्यांत सगळ्या टँकमध्ये एकच दांडगा नर उरतो. घरचे म्हणतात, मासे वाईट निघाले. मासे वाईट नसतात. ते ज्या पाण्यातून आले, तिथं जगायची रीत हीच आहे. आफ्रिकी सिक्लिड पाळायचे तर आधी त्यांचं सरोवर समजून घ्यावं लागतं. टँकचा आकार, दगड, पाणी, खाणं, सोबती या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिथंच आहेत.

पूर्व आफ्रिकेत जमीन हळूहळू फाटत गेली आणि त्या लांबट खचदऱ्यांत पाणी साठून प्रचंड सरोवरं तयार झाली. त्यांतलं मलावी सरोवर मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांच्या मध्ये पसरलं आहे. उत्तर-दक्षिण लांबी साडेपाचशे किलोमीटरांहून जास्त, म्हणजे मुंबईहून निघालं तर गोव्याच्या पलीकडे जाईल एवढी. सर्वांत खोल जागी ते सुमारे ७०० मीटर आहे. मात्र साधारण २५० मीटरच्या खाली पाण्यात प्राणवायूच नाही, त्यामुळे माशांचा सगळा संसार वरच्या थरात आणि त्यातही मुख्यतः काठाकाठानं चालतो. पाणी नितळ, वर्षभर कोमट आणि किंचित अल्कधर्मी: पीएच ७.७ ते ८.६, वरच्या थराचं तापमान २४ ते २८ अंशांच्या आसपास.

या एका सरोवरात सिक्लिडच्या आठशेहून अधिक जाती असाव्यात असं अभ्यासक मानतात. त्यांतल्या जवळपास सगळ्या जगात दुसरीकडे कुठंही सापडत नाहीत. एवढ्या जाती आल्या कुठून, या प्रश्नानं जीवशास्त्रज्ञांना अनेक दशकं गुंतवून ठेवलं आहे. एक कारण माशांच्या घशात आहे. सिक्लिडना तोंडातल्या जबड्याखेरीज घशात दुसरा जबडा असतो. कॅरेल लीम या शास्त्रज्ञानं १९७३ मध्ये त्याचं महत्त्व उलगडून दाखवलं. भक्ष्य चिरडायचं काम घशातल्या जबड्यानं उचललं, तेव्हा पुढचं तोंड मोकळं झालं आणि खाण्याच्या नाना तऱ्हांप्रमाणे त्याला नाना आकार येत गेले. कुणी दगडावरचं शेवाळ खरवडतो, कुणी गोगलगाय फोडतो, कुणी वाळू चाळतो, कुणी दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खातो.

दुसरं कारण काठाच्या रचनेत आहे. किनाऱ्याला कुठं दगडांचे ढीग आहेत, मध्ये वाळूचे लांब पट्टे, मग पुन्हा दगड. दगडांत राहणारे छोटे सिक्लिड, ज्यांना एम्बुना म्हणतात, ते उघडी वाळू ओलांडून सहसा पलीकडे जात नाहीत. दगडाचा प्रत्येक ढीग त्यांच्यासाठी बेटच. पिढ्यान्‌पिढ्या वेगळं राहून रंग बदलत गेले आणि नितळ पाण्यात माद्या रंग पाहूनच नर निवडत असल्यानं तो फरक टिकला. दुकानांत ‘यलो लॅब’ नावानं मिळणारा पिवळाधमक मासा, लॅबिडोक्रोमिस सेरुलियस, हे याचं चांगलं उदाहरण. जेफ्री फ्रायर यांनी १९५६ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, तेव्हा त्यांच्या नोंदीत पिवळा रंग मुख्य नव्हता, कारण सरोवराच्या बहुतेक भागांत ही जात पांढुरकी किंवा निळसर असते. गडद पिवळी वस्ती आहे ती पश्चिम किनाऱ्यावर, चारो ते लायन्स कोव्ह या छोट्या टापूत. जगभरच्या टँकांमधला पिवळा रंग तिथून निघाला.

आता दगडांच्या वस्तीतला दिनक्रम पाहिला की टँकमधली मारामारी समजते. एम्बुना नर एखादी कपार धरतो. ती कपार, तिच्या आजूबाजूचं शेवाळ आणि तिथं येणारी मादी हीच त्याची सगळी मिळकत. दुसरा नर आला की तो धावून जातो. विशेषतः स्वतःसारख्या रंगाचा आला तर अधिकच. सरोवरात हरलेला मासा चार मीटर पळतो आणि प्रकरण संपतं. दोन फुटी टँकमध्ये पळायला जागाच नसते. तो कोपऱ्यात, वर पृष्ठभागाशी, हीटरच्या मागे जाऊन थांबतो आणि तिथंही मार खातो.

म्हणून सुरुवात किमान चार फुटी टँकनं करावी. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशा टँकमध्ये सुमारे २५० लिटर पाणी मावतं. खालची रुंदी उंचीपेक्षा महत्त्वाची, कारण हद्दी तळाशी आखल्या जातात. पाणी, दगड, वाळू आणि काच मिळून वजन साडेतीनशे किलोच्या पुढे जातं. तेव्हा भिंतीलगत, जमिनीवर सपाट बसेल असा लोखंडी स्टँड हवा आणि टँकच्या खाली थर्माकोलचा जाड थर. जुन्या इमारतीत बाल्कनीत असा टँक ठेवू नये.

सजावटीत दगडच मुख्य. दख्खनचा काळा पाषाण याला उत्तम: जड, टणक, आणि पाण्यात फारसं काही न सोडणारा. दगड घासून, उकळत्या पाण्यानं धुऊन आधी टँकच्या तळावर, थर्माकोलच्या किंवा प्लॅस्टिकच्या जाळीच्या थरावर बसवायचे आणि मग वाळू ओतायची. उलट केलं तर सिक्लिड दगडाखालची वाळू उकरतात, ढीग सरकतो आणि काच फुटते. दगडांच्या राशीत आरपार जाणाऱ्या फटी ठेवाव्यात. एका बाजूनं घुसलेला मासा दुसरीकडून निसटू शकला पाहिजे. पाठलाग करणाऱ्याची नजर तुटेल अशा दोन-तीन उंच राशी केल्या, तर निम्मी भांडणं तिथंच विरतात. वनस्पतींचा हट्ट धरू नये. अनुबियाससारखी कडवट, जाड पानांची एखादी दगडाला दोऱ्यानं बांधली तर टिकते, बाकीच्या कुरतडल्या जातात.

एक गोष्ट इथंच सांगायला हवी. पुष्कळ परदेशी मार्गदर्शक अशा टँकमध्ये प्रवाळाचा चुरा घालायला सांगतात, म्हणजे पाणी अल्कधर्मी राहतं. भारतात दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं आणि त्याचा व्यापार गुन्हा आहे. तेच काम शिंपल्यांचा चुरा किंवा संगमरवराच्या चिपा करतात. कबुतरं-कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात शिंपल्यांचा चुरा सहज मिळतो. कापडी पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवला की झालं.

पाण्याचं गणित मात्र शांतपणे समजून घ्यावं. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांचं पाणी येतं. सह्याद्रीवर पडणारं पावसाचं पाणी साठवलेलं असल्यानं ते हलकं, कमी क्षारांचं असतं. टेट्रा किंवा एंजलला ते मानवतं. दख्खनच्या पठारावर बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर, बादल्यांना पांढरी पुटं धरतात, साबणाला फेस येत नाही. एरवी ज्याबद्दल घरोघरी तक्रार असते, तेच पाणी मलावीच्या माशांना पसंत पडतं. सोलापूरच्या एखाद्या वस्तीतला माणूस काही न करता जे मिळवतो, त्यासाठी दादरच्या माणसाला थोडी तयारी करावी लागते. घरच्या आरओ यंत्राचं ‘शुद्ध’ पाणी तर या माशांना मुळीच नको.

हलक्या पाण्याची खरी अडचण वेगळीच आहे. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधल्या स्पंजवर वाढणारे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या कामात पाण्यातलं बायकार्बोनेट खर्च होत जातं. मुंबईच्या पाण्यात ते मुळातच थोडं, त्यामुळे आठवडे उलटतात तसा पीएच गुपचूप घसरतो आणि एक दिवस मासे सुस्त पडतात. पन्नास लिटर पाण्याला सपाट एक चहाचा चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम खाण्याचा सोडा घातला, तर कार्बोनेटचं माप साधारण ३ अंशांनी वाढतं. मॅग्नेशियमसाठी थोडं एप्सम सॉल्ट चालतं. मात्र हे सगळं बदलायच्या पाण्यात आधी बादलीत विरघळवून, दर वेळी सारख्याच प्रमाणात. माशांना ८.० चा पीएच चालतो, ७.८ चालतो, सकाळी ७.४ आणि संध्याकाळी ८.४ चालत नाही.

नवशिक्याला कुणी सांगत नाही अशी गोष्ट यापुढची आहे. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो: एक बऱ्यापैकी निरुपद्रवी, दुसरं जहाल. कुठलं किती, हे पीएच ठरवतो. २६ अंश तापमानाला पीएच ७ असेल, तर एकूण अमोनियातला शेकडा एक भागही जहाल रूपात नसतो. पीएच ८.५ झाला की तोच वाटा १५ टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणजे गोल्डफिशच्या टँकमध्ये जो हलगर्जीपणा खपून जातो, तो आफ्रिकी सिक्लिडच्या टँकमध्ये एका रात्रीत जीव घेऊ शकतो. म्हणूनच नवा टँक भरला आणि त्याच संध्याकाळी मासे सोडले, असं इथं कधीही करू नये. फिल्टर चालू करून चार ते सहा आठवडे जीवाणू वाढू द्यावेत. ओळखीच्या कुणाच्या जुन्या, निरोगी टँकमधला स्पंजचा तुकडा मिळाला तर हा काळ बराच कमी होतो. थेंबांचं चाचणी किट घेऊन अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याची खात्री करून मगच मासे आणावेत.

फिल्टर दमदार हवा. तासाला टँकच्या पाण्याच्या सहा-आठ पट पाणी फिरवणारा. दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलावं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला दुकानात ‘हायपो’चे खडे मिळतात, ते आधी बादलीत विरघळवावेत. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये. काढलेल्या टँकच्याच पाण्यात दोनदा पिळला की पुरे. लोडशेडिंगच्या गावात बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ ठेवावा. बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरचा वीजपुरवठा काही तास गेला, तर आतले जीवाणू मरून पाणी सडतं. वीज आल्यावर तो तसाच सुरू न करता आधी उघडून, आतलं पाणी फेकून मग लावायचा. विदर्भातल्या उन्हाळ्यात पाणी ३० अंशांच्या वर गेलं की त्यात प्राणवायू कमी मुरतो. वरचं झाकण काढून पृष्ठभागावर छोटा पंखा लावला, तर बाष्पीभवनानं दोन-तीन अंश उतरतात. नाशिक-पुण्याच्या थंडीत उलट हीटर लागतो.

खाण्यावरून सर्वांत जास्त मासे मरतात, तेही प्रेमापोटी. एम्बुनांचं सरोवरातलं जेवण म्हणजे दगडावरचा शेवाळाचा पातळ थर आणि त्यात अडकलेले सूक्ष्म जीव. दिवसभर खरवडत राहायचं, पोट कधी गच्च भरायचं नाही. त्यासाठी त्यांचं आतडं लांब आहे. अशा माशाला ब्लडवर्म, ट्युबिफेक्स किंवा गुरांच्या काळजाचे तुकडे भरभरून दिले, की काही आठवड्यांत तो अन्नाजवळ येऊन परत फिरू लागतो, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा टाकतो, पोट फुगतं. पाळणाऱ्यांत याला ‘ब्लोट’ म्हणतात. नेमकं कारण काय यावर मतभेद आहेत. पण चुकीचा आहार, अस्वच्छ पाणी आणि सततची दहशत हे तिन्ही एकत्र आले की हा रोग दिसतो, हा सर्वांचा अनुभव आहे. मासा खात असतानाच लक्षात आलं तर मेट्रोनिडाझोलनं बरा होण्याची आशा असते. पोट फुगल्यावर ती फार थोडी उरते.

उपाय साधा आहे. स्पिरुलिना असलेले चांगल्या प्रतीचे दाणे, दिवसातून दोनदा, अर्ध्या मिनिटात संपतील एवढेच. मधूनच उकळत्या पाण्यातून काढलेला पालक किंवा सोललेले मटार. आठवड्यातून एक दिवस उपास. काचेपाशी येऊन मासे कितीही याचना करोत, ते उपाशी नसतात.

कोणते मासे आणावेत, हा प्रश्न दुकानात उभं राहून सोडवू नये. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा ऑराटस पिल्लू असताना इतका देखणा दिसतो की हात थांबत नाही. मोठा झाल्यावर त्याचा नर काळसर होतो आणि सगळा टँक ताब्यात घेतो. केनयीचंही तेच, त्यात माद्या निळ्या आणि नर पिवळा. सुरुवातीला हे दोन्ही टाळावेत. यलो लॅब, गंजाच्या आणि जांभळाच्या मधल्या रंगाचा रस्टी, पिवळ्या शेपटीचा अॅसी हे त्या मानानं समजूतदार. एका जातीचा एक नर आणि तीन-चार माद्या, अशा तीन जाती मिळून चार फुटी टँकमध्ये बारा-पंधरा मासे होतात. एरवी गर्दी हा दोष मानला जातो, इथं थोडी गर्दी मुद्दाम केली जाते. मारकुट्या नराचं लक्ष एकाच माशावर खिळून राहत नाही. पण अशी गर्दी फिल्टर आणि पाणीबदल यांच्या जिवावरच पेलते, हे विसरून चालणार नाही. सगळे मासे लहान असताना एकदमच आणावेत. मागून एकटा मासा सोडायची वेळ आली, तर आधी दगडांची रचना बदलावी, म्हणजे सगळ्यांच्या हद्दी नव्यानं आखल्या जातात.

मलावीतच वाळूवर आणि उघड्या पाण्यात राहणारे सिक्लिडही आहेत आणि त्यांना एम्बुनांच्या धिंगाण्यात ठेवणं अन्यायाचं आहे. पीकॉक म्हणून मिळणाऱ्या ऑलोनोकाराच्या जबड्याखाली मोठी संवेदी छिद्रं असतात. वाळूच्या अगदी वर तो स्थिर तरंगतो, आतल्या किड्याची हालचाल त्या छिद्रांनी टिपतो आणि झटकन वाळूत तोंड खुपसतो. त्याला जाडी-भरडी वाळू आणि सतत ढुशा मारणारे शेजारी देणं म्हणजे त्याचं हे कसबच हिरावून घेणं. निंबोक्रोमिस लिव्हिंगस्टोनी तर शिकारीसाठी मेल्याचं सोंग घेतो. अंगावर कुजल्यासारखे डाग, वाळूवर आडवा पडलेला. लहान मासे टोचायला आले की उठून झडप घालतो. केनेथ मकाय यांनी १९८१ मध्ये सरोवरातली ही शिकार नोंदवली. हा मासा २५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, त्यामुळे त्याला सहा फुटी टँक लागतो. दुकानात दोन इंची पिल्लू पाहून घेणाऱ्याला हे आधी सांगितलं जायला हवं.

या सगळ्या खटाटोपाचं खरं फळ दिसतं ते पिल्लांच्या वेळी. मलावीच्या जवळजवळ सर्व माद्या अंडी तोंडात सांभाळतात. चिलापीही हेच करते, आणि भिगवणच्या मच्छीमारांनी तोंडात पिल्लं धरलेल्या माद्या पाहिल्या असतीलच. नर दगडापाशी अंग थरथरवत मादीला बोलावतो. ती अंडी घालते आणि लगेच वळून तोंडात घेते. नराच्या मागच्या परावर पिवळे गोल ठिपके असतात, अंड्यांसारखेच दिसणारे. मादी त्यांनाही तोंड लावते आणि त्याच क्षणी नरानं सोडलेलं वीर्य तिच्या तोंडातल्या अंड्यांपर्यंत पोहोचतं. वोल्फगांग विकलर यांनी १९६२ मध्ये या ठिपक्यांमागचं गणित मांडलं. त्यानंतर सुमारे तीन आठवडे मादी जवळपास काहीही न खाता गळ्याशी फुगलेली थैली घेऊन फिरते. दगडांच्या फटी भरपूर असतील तर ती तिथंच पिल्लं सोडते आणि त्यांतली काही वाचतात. फार छळ होत असेल तर शेवटच्या आठवड्यात तिला वेगळ्या छोट्या टँकमध्ये न्यावं. बाहेर पडलेली पिल्लं जेमतेम एक सेंटिमीटरची, पण पूर्ण घडलेली असतात आणि पहिल्याच दिवशी दाण्यांचा चुरा खातात.

टांगानिका सरोवरात हाच संसार आणखी वेगळ्या रीतीनं चालतो. हे सरोवर १,४७० मीटर खोल, जगात बैकालखालोखाल दुसरं. पाणी मलावीपेक्षा जास्त अल्कधर्मी, पीएच ९ च्या जवळ. निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस हा जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचा मासा तळाशी साचलेल्या रिकाम्या शंखांत वसाहत करून राहतो. प्रत्येकाला आपला शंख, आपली वाळूतली खळगी. मोठ्या टँकची सोय नसलेल्यांनी खरं तर याच्याकडे वळावं. दोन फुटी टँक, बारीक वाळू, उकळून स्वच्छ केलेल्या गोगलगायींच्या रिकाम्या शंखांचा ढीग, एवढ्यावर तीन-चार पिढ्यांचं कुटुंब एकत्र नांदताना दिसतं. ब्रिचार्डी जातीत मोठी भावंडं धाकट्यांची राखण करतात. आणि याच सरोवरातला सायनोडोन्टिस मल्टिपंक्टेटस हा ठिपकेदार मार्जारमीन कोकिळेनं कावळ्याच्या घरट्यात अंडी घालावीत तसा वागतो: सिक्लिड मादी अंडी उचलत असताना आपली अंडी त्यात मिसळतो, आणि तिच्या तोंडात आधी फुटलेली त्याची पिल्लं तिचीच पिल्लं खाऊन वाढतात. तेत्सु सातो यांनी १९८६ मध्ये हे उघडकीला आणलं. घरच्या टँकमध्येही हे घडवून आणणारे हौशी पाळणारे आहेत.

तिसरं मोठं सरोवर व्हिक्टोरिया. तिथली कथा दुःखाची आहे. १९५०च्या दशकात तिथं नाईल पर्च हा मोठा भक्षक मासा सोडला गेला. १९८०च्या दशकात त्याची संख्या अफाट वाढली आणि सिक्लिडच्या शेकडो जातींपैकी सुमारे दोनशे नाहीशा झाल्या किंवा दिसेनाशा झाल्या. त्यात शेतीतून वाहून आलेल्या खतांनी आणि सांडपाण्यानं पाणी गढूळ झालं. ओले सीहाउझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं, की गढूळ पाण्यात माद्यांना नरांचे रंग ओळखता येईनात, जाती एकमेकींत मिसळू लागल्या आणि वेगळेपण पुसलं जाऊ लागलं.

टँकमध्येही हे घडतं, पण वेगळ्या कारणानं. एखाद्या मादीला तिच्या जातीचा नरच नसेल, तर ती जवळच्या दुसऱ्या जातीच्या नराशी जुळवून घेते. पिल्लं होतात, ती कुणाला तरी दिली जातात, दुकानात ‘आफ्रिकन मिक्स’च्या टाकीत पोहोचतात आणि पुढच्या घरात आणखी गोंधळ वाढतो. अशी पिल्लं झाली तर ती आपल्याच टँकमध्ये राहू द्यावीत, पुढे देऊ नयेत. आणि नको झालेला कुठलाही मासा नदीत, तळ्यात किंवा विसर्जनाच्या कुंडात सोडू नये. बाहेरून आलेल्या माशाचा एखाद्या नदीत जम बसला, की त्याला पुन्हा बाहेर काढणं जवळपास अशक्य असतं. उजनीच्या जाळ्यात रोज येणारी चिलापी हेच दाखवते. स्थानिक सिक्लिड भारतातही आहेत, तीन जाती. केरळात करीमीन आणि गोव्यात काळुंदर म्हणून ओळखला जाणारा मासा त्यांतलाच. त्यांच्या पाण्यात नवे भाऊबंद घुसवायची गरज नाही.

शुद्ध जाती जपण्याची निकड सौलोसी या माशाकडे पाहिली की कळते. आठ-नऊ सेंटिमीटरचा हा एम्बुना मलावी सरोवरात एकाच जागी सापडतो: चिझुमुलु बेटाजवळच्या तैवान रीफवर. मत्स्यालयांच्या व्यापारासाठी तिथून एवढे मासे उपसले गेले, की ती जात आज अतिधोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. घरच्या टँकमध्ये मात्र सौलोसी सहज पिल्लं देतो. लहानपणी सगळी पिल्लं पिवळी असतात. काही महिन्यांनी त्यांतल्या नरांवर निळा रंग आणि काळे उभे पट्टे चढतात, माद्या पिवळ्याच राहतात, आणि एका विणीत तो बदल पाहणं हा या छंदातला फार मोठा आनंद आहे. यलो लॅबबरोबर मात्र त्यांना ठेवू नये, पिवळ्या माद्यांची गफलत होऊन संकर होतो. चार फुटी टँकमध्ये फक्त सौलोसींचा बारा-पंधरांचा कळप ठेवला, तर वर्षभरात देण्याएवढी पिल्लं जमतात. देताना पिशवीवर जातीचं पूर्ण नाव, आई-बाप कुठून घेतले ते आणि घरच्या पाण्याचा पीएच लिहून द्यावा, म्हणजे घेणाऱ्यालाही पुढची वीण दुसऱ्या जातीत न मिसळता वाढवता येते.